क्लच वर पकडतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एवढं तपासा

पेडल जवळजवळ पूर्ण सुटेपर्यंत गाडी जागची हलत नाही आणि मग शेवटच्या बोटभर अंतरात एकदम उचलते, याला गॅरेजात ‘क्लच वर आला’ म्हणतात. आमचं गॅरेज लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर आहे. सोयाबीनची पोती बाजाराला निघाली की या तक्रारीच्या गाड्या यायला लागतात आणि उसाचा हंगाम संपेपर्यंत येतच राहतात. बरेचसे गाडीवाले घरूनच निदान करून आलेले असतात. “दादा, प्लेट गेली, सेट टाकून द्या.” सेट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. त्यातल्या कित्येकांचं काम दोन पान्यांत होतं, आणि काहींना सेट टाकावाच लागतो. तुमची गाडी कोणत्या बाजूची आहे, हे गिअरबॉक्सला हात न लावता बऱ्यापैकी खात्रीनं कळतं. ते कसं, हे खाली लिहितोय.

आधी लक्षणं वेगळी करा

क्लचच्या तीन तक्रारी लोक एकच समजतात, आणि चुकीचा खर्च तिथूनच सुरू होतो.

पहिली: क्लच वर पकडतो, पण एकदा पकडला की गाडी नीट ओढते. चढ घेते, ओव्हरटेकला दम लागत नाही. इथं प्लेट झिजत आलेली असू शकते, नाहीतर नुसती केबल जास्त ताणलेली असते.

दुसरी: क्लच स्लिप होतो. ॲक्सिलेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र तेवढी पळत नाही. चढावर ब्रेकच्या लायनिंगसारखा जळका वास येतो. गिऱ्हाईक सांगतं, “गाडी वढना झालीय, नुसता आवाज करतीय.” हे खरं दुखणं.

तिसरी: क्लच खाली, पार तळाशी पकडतो. पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकताना खर्रर्र वाजतो. ही अगदी उलटी गोष्ट आहे. केबल सैल पडलीय, हायड्रॉलिक म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणाऱ्या लाइनमध्ये हवा शिरलीय किंवा कुठंतरी फ्लुइड गळतंय. या तक्रारीवर कुणी थेट सेट सुचवला, तर आधी केबल किंवा सिलिंडर बघायला लावा.

क्लच वर येतो तो का, हे समजलं तर पुढचं सगळं सोपं जातं. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. ती झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडं सरकते. तिच्या डायफ्रॅम स्प्रिंगची आतली बोटं त्याच वेळी उलट बाजूला, म्हणजे पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगच्या दिशेनं बाहेर येतात. बेअरिंग आणि बोटं यांच्यातली मोकळी जागा संपत जाते, पेडलची सुरुवातीची सैल चाल कमी होते आणि क्लच वर पकडायला लागतो. मोकळी जागा पूर्ण संपली की पाय काढला तरी बेअरिंग बोटांना दाबूनच ठेवतं. मग प्रेशर प्लेटचा जोर कमी पडतो, क्लच घसरायला लागतो, आणि घसरला की आणखी वेगानं झिजतो. केबल कुणी जास्त ताणून ठेवली असेल, तर नव्याकोऱ्या प्लेटचंही हेच होतं. म्हणून नुसत्या उंचीवरून प्लेटचा निकाल लावू नका.

फुकटातल्या तपासण्या

सीट बघा. घरात दोघं-तिघं गाडी चालवत असतील आणि सीट पुढं सरकवलेली असेल, तर तीच जागा उंच वाटते. पेडल पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील अशी सीट लावा आणि मग ठरवा. पेडलच्या मागं, वरच्या बाजूला मॅट किंवा पाण्याची बाटली अडकली नाही ना, हेही वाकून बघा. मॅट पेडलखाली गोळा झालं असेल तर पेडल तळापर्यंत जात नाही, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर वाजतात.

पेडल स्वतःहून पूर्ण वर येतं का, ते हातानं दाबून पाहा. परत येताना अडखळत असेल, तर पेडलच्या बुशमध्ये किंवा केबलमध्ये धूळ आणि गंज आहे. आपल्याकडं काळ्या मातीचा चिखल केबलच्या रबरी बुटातून आत शिरतो आणि उन्हाळ्यात वाळून घट्ट बसतो. परत न आलेलं पेडल म्हणजे पाय पेडलवर ठेवून गाडी चालवण्यासारखंच.

आता मोजा. सपाट जागी गाडी चालू करा, पहिला गिअर टाका, ॲक्सिलेटरला हात लावू नका, म्हणजे पाय लावू नका, आणि क्लच अगदी सावकाश सोडा. इंजिनाचा आवाज किंचित दबतो आणि बॉनेट हलकंसं हलतं, ती पकडायची जागा. दुसऱ्या कुणाला तरी पट्टी धरायला लावून फ्लोअरपासून पेडलपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. पेडलच्या एकूण चालीच्या मधोमध किंवा थोडं वर पकडत असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं. शेवटच्या चौथाईत पकडत असेल तर पुढं वाचा. काही मॉडेलचा क्लच मुळातच वर पकडतो, म्हणून शेजारी-पाजारी तशीच गाडी असेल तर एकदा चालवून बघा. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा: सहा महिन्यांपूर्वी कुठं पकडत होता आणि आज कुठं?

त्यानंतर फ्री प्ले. गाडी बंद ठेवून पेडल नुसत्या हातानं दाबा. सुरुवातीला हलकं जातं आणि मग जड लागतं. तो हलका भाग म्हणजे फ्री प्ले. केबलच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तो एक ते अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत मिळेल. केबलच्या गाडीत फ्री प्ले शून्य सापडला, तर निम्मं निदान तिथंच झालं.

स्लिपची परीक्षा

सेट टाकायचा की नाही, हे बरंचसं या परीक्षेवर ठरतं. म्हणून ती नीट करा.

मोकळा, सरळ, कोरडा रस्ता घ्या. मागं-पुढं वाहन नको. चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगानं चला आणि ॲक्सिलेटर एकदम पूर्ण दाबा. क्लच चांगला असेल तर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा आणि वेग बरोबरीनं, सावकाश चढतात. क्लच घसरत असेल तर आरपीएमचा काटा झटकन वर जातो आणि वेग मागं राहतो. गाडीला काटा नसेल तर कानानं कळतं, आवाज अचानक मोकळा होतो. टर्बो डिझेल गाड्यांत ही घसरण वरच्या गिअरमध्ये आणि चढावर आधी दिसते, कारण जोर तिथं सगळ्यात जास्त पडतो. रिकाम्या गाडीत काही कळलं नाही आणि भरलेल्या गाडीत मांजरसुंब्याच्या घाटात आवाज मोकळा झाला, तर ती स्लिपच समजा.

उभ्या गाडीची परीक्षाही लोक करतात: हँडब्रेक ओढायचा, चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, तिसरा गिअर टाकून थोड्या रेसवर क्लच सोडायचा. चांगला क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. गेलेला क्लच इंजिन फिरतच ठेवतो. ही परीक्षा एकदाच करा आणि समोर माणूस, भिंत, जनावर काही नको. दोन-तीनदा केली तर चांगली प्लेटही जाळाल.

चिखलात चाक फिरतंय आणि गाडी निघत नाही, याला स्लिप समजू नका. पण पावसाळ्यात शेतरस्त्यावर गाडी रुतल्यावर हाफ क्लचवर रेस करून ती बाहेर काढली असेल, आणि त्यानंतरच क्लच वर आला असेल, तर प्लेट भाजल्याची शक्यता मोठी. काळी माती चाक सोडत नाही. दहा मिनिटांचा तो अट्टहास एरवीच्या कित्येक महिन्यांची झीज करून जातो. ट्रॅक्टर बोलावणं कितीतरी स्वस्त.

परीक्षेत स्लिप नाही आली? मग आज गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. पुढच्या दोनपैकी तुमच्या गाडीला लागू असेल ती तपासणी करा आणि गाडी वापरा. स्लिप आली असेल तरी सेटच्या आधी हीच तपासणी करा.

केबलची गाडी

बॉनेटखाली, गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला केबलचं टोक येतं. तिथं आट्यांचा दांडा आणि नट दिसेल. फिरवण्याआधी नट आत्ता कुठं आहे तिथं खडूनं किंवा नेलपॉलिशनं खूण करा, म्हणजे बिघडलं तर परत तिथंच आणता येईल. नट सैल करत जा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी पेडलचा फ्री प्ले हातानं बघा. पुस्तिकेतल्या आकड्यावर आला की थांबा. गाडी चालू करून रिव्हर्स टाका. न वाजता पडला पाहिजे. वाजला तर नट जास्त सैल झाला.

यानंतर क्लच खाली आला आणि स्लिप गेली, तर तुमचं काम फुकटात झालं. पण नट फिरवताना आट्यांकडं नीट बघा. नट आधीच सैल करायच्या शेवटच्या टोकाला आलेला असेल, पुढं फिरवायला जागाच उरली नसेल आणि तरीही फ्री प्ले मिळत नसेल, तर आतली प्लेट संपत आली असं ते सांगतंय. अशा वेळी केबल बदलून काही साधत नाही. उलट केबल जुनी असेल, पेडल जड लागत असेल, टोकाला एखाद-दुसरी तार तुटून बाहेर आलेली दिसत असेल, तर केबल बदला. ती काही शे रुपयांत येते आणि बसवायला फार वेळ लागत नाही.

काही गाड्यांत केबल स्वतःहून ॲडजस्ट होते. तिथं नट शोधत बसू नका आणि दातऱ्याला पक्कड लावू नका.

हायड्रॉलिकची गाडी

इथं झीज सिलिंडर स्वतःच भरून काढतो, त्यामुळं क्लच केबलच्या गाडीइतका स्पष्ट वर येत नाही. कधी कधी तर पहिलं लक्षण थेट स्लिपच असतं.

फ्लुइडची डबी उघडा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. फ्लुइड चहाच्या रंगाचं किंवा काळं झालं असेल तर बदला, ते हवेतलं पाणी शोषतं. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं जे लिहिलं असेल तेच टाका. आणि कळकळीनं सांगतो, त्या डबीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल कधीच टाकू नका. रबरी सील फुगतात, पिस्टन परत येईनासा होतो, आणि डबी एकच असेल तर ब्रेकही जातात. असं चुकून झालं असेल तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका, टोचन करून आणा. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, ते रंग सोलतं.

हायड्रॉलिक गाडीतली एक खुबी फार कमी ठिकाणी वापरली जाते. गाडी थंड असताना क्लच ठीक आहे, तासभर चालवल्यावर वर येतो आणि घसरतो, थांबून गार झाली की पुन्हा बरी. अशा वेळी मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे पेडलजवळच्या सिलिंडरमधलं, फ्लुइड परत जायचं बारीक छिद्र बंद झालेलं असू शकतं. लाइनमध्ये दाब अडकून राहतो आणि पाय काढला तरी क्लच अर्धा दाबलेलाच असतो. गाडी घसरायला लागली की तशीच उभी करून, इंजिन बंद करून, स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरचा, हवा काढायचा ब्लीडर स्क्रू क्षणभर सैल करायचा. फ्लुइडची चिळकांडी उडाली आणि घसरणं थांबलं, तर प्लेट बरी आहे, दोष मास्टर सिलिंडरचा किंवा पेडलच्या दांड्याच्या सेटिंगचा आहे. गरम इंजिनाशेजारचं काम आहे, डोळ्याला चष्मा लावा, आणि हवा काढता येत नसेल तर हे मिस्त्रीकडूनच करून घ्या. एवढी तपासणी आधी करा असं सांगायला मात्र विसरू नका.

इथं थांबा

गिअरबॉक्स आणि इंजिन जिथं जोडलेत, तिथं खालून टॉर्च मारून बघा. सांध्यातून ऑइल ठिबकत असेल तर क्रँकची मागची सील किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टची सील गळतेय. ऑइल प्लेटवर गेलं की प्लेट कितीही जाड असली तरी घसरते, आणि ऑइल प्यायलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन पुन्हा बसत नाही. बघण्यासाठी गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका. रॅम्प नसेल तर राहू द्या.

याच्या पुढचं काम घरी करायचं नाही. गिअरबॉक्स उतरवताना ॲक्सल निघतात, इंजिनाला खालून आधार लागतो, आणि ते ओझं एका माणसाच्या हातात राहत नाही. प्लेट मध्यावर न बसवता बोल्ट आवळले तर गिअरबॉक्स परत बसत नाही. एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली आणि गिअर स्वतः बदलणारी गाडी असेल तर नट फिरवायचाही प्रयत्न करू नका, क्लच बदलल्यावर तिला स्कॅनर लावून नव्यानं सेटिंग शिकवावं लागतं. ते यंत्र असलेल्या गॅरेजलाच द्या.

रस्त्यात क्लच घसरायला लागला तर सामान आणि माणसं उतरवा, हलक्या ॲक्सिलेटरनं सपाट रस्त्यानं जवळच्या गॅरेजपर्यंत या. धूर निघाला तर थांबा, गार होऊ द्या. कन्नडच्या घाटात वाहनांच्या रांगेत हाफ क्लचवर गाडी धरून पुढं सरकायचा तर विचारच नको. तिथं चढण्याआधीच टोचन मागवा.

खर्चाचा हिशेब

स्लिप पक्की झाली आणि केबल-सिलिंडर निर्दोष निघाले, तर सेट टाकायचाच. आमच्या भागात छोट्या पेट्रोल गाडीचा सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, साधारण तीन ते सहा हजारांत येतो आणि गिअरबॉक्स उतरवून बसवायची मजुरी दोन ते चार हजार होते. मोठ्या डिझेल गाडीचा आणि पिकअपचा सेट याच्या दुप्पट-अडीचपट धरून चाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मजुरी जास्त लागते, पण कामाची वॉरंटी लेखी मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. अजून कुणी २८ टक्के लावत असेल तर विचारा.

“नुसती प्लेट टाका, बाकीचं चालतंय” असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा मी काम थांबवून समजावतो. बेअरिंगची किंमत मजुरीपेक्षा कमी. ते चार महिन्यांनी ओरडायला लागलं तर तोच गिअरबॉक्स, तीच मजुरी पुन्हा. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती असेल तर तोही याच वेळी बदला. क्रँकची सील ओलसर दिसली तर तीही.

जुने भाग स्वतः हातात घेऊन बघा. प्लेटच्या लायनिंगवर रिव्हेट दिसतात. त्यांची डोकी खोल असतील तर प्लेटमध्ये जीव होता, लायनिंगच्या पातळीला आली असतील तर ती संपली होती. रिव्हेटनं फ्लायव्हीलवर गोल चर पाडलेत का, निळे-जांभळे डाग आहेत का, नखानं चाचपा. डाग म्हणजे ते तापून भाजलं. साधं फ्लायव्हील लेथवर घासून सरळ करता येतं. काही डिझेल गाड्यांत दुहेरी, आत स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील असतं. ते साधारणपणे घासत नाहीत, बदलतात, आणि त्याची किंमत एकट्याची पूर्ण सेटपेक्षा कितीतरी जास्त, बऱ्याचदा तीस हजारांच्या वर जाते. घसरता क्लच आणखी दोन महिने ताणून वाचवलेले पैसे इथं जातात.

दुकानातून सेट आणताना डबा नीट बघा, बनावट माल बाजारात आहे. लुक, व्हॅलिओ, एक्सेडी ही क्लच बनवणाऱ्यांची नावं आहेत. डब्यावरचा भाग क्रमांक आणि तुमच्या गाडीचं इंजिन जुळवा आणि पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटीचं नाव काढता येत नाही. विम्यातून हे पैसे मिळतील असं समजू नका, झिजलेला भाग विमा धरत नाही.

गाडी जुनी असेल तर सेट टाकावा का? इंजिन ऑइल खात नसेल, पत्रा सडला नसेल, तर माझ्या मते टाकावाच. घसरता क्लच घेऊन विकायला गेलात तर घेणारा सेटच्या खर्चापेक्षा जास्त पैसे तोडतो. १५ वर्षांची नोंदणी संपत आली असेल आणि टायर, बॅटरी, सस्पेन्शन सगळंच सोबत मागत असेल, तर आधी सगळ्याची बेरीज कागदावर मांडा आणि दोन गॅरेजांत भाव विचारा. अशा गाडीत दुहेरी फ्लायव्हील निघालं, तर मी गिऱ्हाईकाला गाडी विकायचाच सल्ला देतो.

नवा सेट बसल्यावर पकडायची जागा बदललेली वाटेल, त्यात वावगं काही नाही. पहिले ५०० ते ८०० किलोमीटर ओझं भरू नका, ट्रॉली ओढू नका, लायनिंगला बसू द्या. केबलची गाडी असेल तर हजार किलोमीटरनंतर पट्टी घेऊन फ्री प्ले पुन्हा मोजा, आणि कमी भरला तर नट तेवढाच सैल करा.